कुठला ‘येतो’?

प्रेम मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी मरायला टेकले होते.

खरंच सांगते. गुडघाभर काळ्या पाण्यात मी उभी, हातात बंदूक, बंदुकीत गोळी नाही, आणि समोरून एक तोंड फाटलेलं मढं हात पसरून माझ्याकडं येत होतं. अशा वेळी माणूस काय करतं? मी ओरडले, "अगं माय माय माय... मेले! मेले मी!"

आणि माझ्या कानात कुणीतरी हसलं.

"ओ... मराठी हाय का तुमी?"

"आधी वाचवा! जात-गाव मग विचारा!"

"सुरा काढा, सुरा. कंबरेला हाय. मढ्यासाठी गोळी घालवू नका, ते लई गरीब असतंय."

सुरा कुठल्या बटणानं निघतो हे मला ठाऊक नव्हतं. मी दिसेल ते बटण दाबत सुटले. शेवटी कुठून तरी एक टोपीवाला पळत आला आणि त्यानं एका फटक्यात मढ्याचा निकाल लावला. मग तो टोपीवाला माझ्यासमोर उभा राहून दोनदा खाली बसला, दोनदा उठला. गेममध्ये नमस्कार असाच करतात म्हणे.

हे सगळं चाललं होतं लातुरात, औसा रोडवरच्या आमच्या फोटो स्टुडिओत, भर दुपारी, शटर अर्धं ओढून. स्टुडिओ पप्पांचा, नाव माझं – ‘महामाया’. पप्पा लग्नं शूट करतात आणि मी मिक्सिंग करते. म्हणजे नको ते कापायचं, हवं ते जोडायचं आणि वर गाणं टाकायचं. मूळ आवाज मी सगळ्यात आधी बंद करते. लग्नातला मूळ आवाज ऐकण्यासारखा नसतोच – बँड, भांडी, "पाहुणे, जेवून जा" आणि कुणाचं तरी हरवलेलं पोर.

पावसाळ्यात लग्नं आटतात. मशीन रिकामं, मीही रिकामी. मम्मी किल्लारीच्या शाळेवर, ती संध्याकाळच्या जीपनं येणार. पप्पा जेवून मागच्या खोलीत घोरणार. त्याच दिवसांत पप्पांनी मिक्सिंगसाठी नवं ग्राफिक कार्ड आणलं आणि त्याच्याबरोबर एक गेम फुकट आला. नाव सांगत नाही, त्यांची जाहिरात मी कशाला करू? फुकटचं सोडायचं नाही, म्हणून मी तो मशीनवर चढवला.

गेम साधा आहे. मोठी दलदल असते. तिच्यात कुठंतरी एक राक्षस दडलेला असतो. दोघादोघांच्या जोड्या सोडतात. खुणा शोधत जायचं, राक्षस मारायचा, त्याची निशाणी उचलायची आणि काठावरची होडी गाठून बाहेर पडायचं. मेख अशी, की बाकीच्या जोड्याही तिथंच फिरत असतात, आणि त्यांना राक्षसापेक्षा तुम्हाला मारणं सोपं वाटतं. बाहेर पडलात तर मिळवलेलं सगळं तुमचं. आत मेलात तर तुमचा शिकारी गेला तो गेलाच – त्याची बंदूक, त्याचं शिकलेलं सगळं त्याच्याबरोबर मातीत. मग नवा कोरा शिकारी घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात.

त्या दिवशी टोपीवाल्यानं मला होडीपर्यंत आणलं. मी म्हटलं, निदान नाव तरी विचारावं.

"नाव काय तुमचं?"

"प्रेम."

माझा हात हेडफोनवर गेला. ओळख ना पाळख, आणि थेट प्रेम?

"काय म्हणालात?"

"न्हाई न्हाई! नावच हाय हो माझं. आईशप्पत! प्रेम वाघमारे, देगलूर."

"वाघमारे? आणि मघाशी कुत्रं भुंकलं तर झाडावर चढलात?"

"ते कुत्रं तीन तोंडाचं होतं," तो म्हणाला. थोडं थांबून त्यानं विचारलं, "अन् तुमचं नाव?"

"महामाया."

"बापरे... मग मढ्यांनीच तुमाला भ्यायला पाहिजे."

मी हसले. माइक चालू आहे हे विसरून हसले.

---

देगलूर म्हणजे नांदेड जिल्ह्याचं टोक. तिथं प्रेमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. स्वतःचं चांगलं मशीन त्याच्याकडं नव्हतंच. कुणाचं दुरुस्तीला आलेलं मशीन नीट झालं, की तो हार्डडिस्कवरचा गेम त्याच्यावर चालवायचा.

"हे काय करायलास?" असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "टेस्टिंग!"

त्याच्या माइकमधून सगळं दुकान ऐकू यायचं. सोल्डरचा डाग देताना होणारी चर्र, बाहेरून जाणारे ट्रॅक्टर. कुणी तेलुगूत तक्रार करत आलं की हा, "अयिंदी अन्ना, अयिंदी!" म्हणजे झालंच दादा, झालंच. आणि ते झालेलं नसायचं, कारण त्याच मशीनवर तो माझ्याबरोबर दलदलीत असायचा.

त्यानं मला शिकवलं ते सगळ्यात आधी ऐकायला.

"पळू नका. पळणाऱ्याचे पाय लांबूनच वाजतेत."

"कावळ्यांच्या जवळनं जाऊ नका. कावळे उडाले की समजायचं, तिथं माणूस हाय."

"काचेवर पाय देऊ नका."

"मग देऊ कुठं, तुमच्या डोक्यावर?"

"चालंल की," तो म्हणाला. पलीकडं मढी विव्हळत होती, इतकाच काय तो आवाज.

एकदा वाड्यासारख्या एका पडक्या घरात आम्ही दबून बसलो होतो. दुसरी जोडी जवळपास होती, पण कुठं ते कळत नव्हतं. मी सारखी इकडंतिकडं बघत होते.

"डोळ्यांनी शोधू नका, महामाया," तो हळूच म्हणाला. "डोळं मिटा. कानानं शोधा."

"मिटले तर मरीन की."

"मी हाय ना."

मी डोळे मिटले. खरंच मिटले, स्टुडिओतल्या खुर्चीत बसून. मग हळूहळू सगळं वेगळं झालं. डावीकडं पाण्याची चुळबुळ. वर फळी करकरली. आणि अगदी जवळ, कानाच्या पाळीशी, त्याचा श्वास. मला त्या जोडीचा पत्ता लागला, पण सांगायचं भानच राहिलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघंही मेलो, आणि दोष मात्र मी नेटवर ढकलला.

"ए पळ! पळ, मागं हाय तो!" असं तो एका दुपारी किंचाळला आणि मी पळाले. होडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, हा मला ‘तू’ म्हणाला. मरणाच्या दारात कोण अहो-जाहो करत बसणार? दुसऱ्या दिवशी मीही त्याला ‘तू’ म्हणाले, तेव्हा मात्र मरण जवळपास कुठंही नव्हतं. त्याच्या टोपीवाल्यानं दोनदा बसून नमस्कार केला.

माझ्या शिकारणीचं नाव मी ठेवलं होतं पंचफुला. पंचफुला म्हणजे पप्पांची आत्या, जी एकदा रानडुकराच्या मागं विळा घेऊन पळाली होती. माझी पंचफुलाही तशीच निघाली. मॅचमागून मॅच ती जिवंत परत यायची. प्रेमचे शिकारी पटापट मरायचे, माझी मात्र टिकली. तिला मी लाल ओढणी घेतली, लांब पल्ल्याची बंदूक घेतली. मिक्सिंग करतानाही माझ्या डोक्यात तीच असायची.

"आपण मेलो तरी चालंल," प्रेम म्हणायचा, "पंचफुलाबाई जगल्या पाहिजेत."

मला त्याचा चेहरा माहीत नव्हता. त्यानं माझा फोटो कधी मागितला नाही. मी जन्मभर फोटोंत बसलेली मुलगी, लोकांचे गाल गोरे करून देणारी... मला ते फार आवडलं. इथं मला कुणी बघत नव्हतं, फक्त ऐकत होतं.

आमच्या पप्पांची एक सवय सांगायची राहिली. दुकानातून कुणीही निघालं आणि "येतो, नरसिंगराव" म्हणालं, की पप्पा हातातलं काम सोडून म्हणतात, "या!" मी मात्र नुसतं "हं" म्हणते. त्यावरून माझी रोज खरडपट्टी.

"माणूस येतो म्हणलं की ‘या’ म्हणावं, बाळा. हं काय हं? त्यानं परत येऊ नये असं वाटतंय का तुला?"

"पप्पा, तो जातोय. जाणाऱ्याला ‘या’ काय म्हणायचं?"

"तुला न्हाई कळायचं," म्हणून पप्पा परत लेन्स पुसायला लागायचे.

---

दिवाळीच्या आधीची दुपार. राक्षस आम्ही मारला होता – भला थोरला कोळी, छतावर चालणारा. निशाणी पंचफुलाच्या पाठीवर होती. मी होडीच्या धक्क्याजवळ पोचले. प्रेम थोडा मागं होता, दारूगोळा वेचत.

तेवढ्यात तो घाईघाईत म्हणाला, "महामाया, येतो!" आणि माइक बंद.

धक्क्यावर जरा वेळ उभं राहिलं की होडी आपोआप सुटते. मला एकटीला घेऊन ती सुटली असती. म्हणून मी धक्क्यावरून खाली उतरले. गवतात बसले. येतो म्हणालाय, येईल. मी त्याच्या पायांचा आवाज ऐकत राहिले. पाय वाजले. मी आनंदानं उठून उभी राहिले...

ते पाय दुसऱ्या कुणाचे होते.

पंचफुला गेली. लाल ओढणी पाण्यावर दिसत राहिली आणि मग पडदा काळा झाला. पप्पा मागून म्हणाले, "काय गं, रडतीस का?" मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. गेमसाठी रडले हे कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी तो आला आणि मी तोंडच सोडलं.

"येतो म्हणालास! वाट बघत बसले मी!"

"अगं, येतो म्हणजे... निघालो की! गिऱ्हाइक छातीवर येऊन उभं राहिलं, मशीन द्या म्हणून. बटण बंद करायला त्याचा हात चाललावता. मग काय म्हणू, जातो म्हणू? उठताना जातो म्हणतंय का कुणी?"

"ते घर हाय का? दलदल हाय ती!"

"पण तोंडात तेच येतंय ना! लहानपणी एकदा जातो म्हणालो, तर आईनं उंबऱ्यातनं परत बोलावून पाठीत धपाटा घातलावता."

मला हसू येत होतं आणि राग ओसरू द्यायचा नव्हता. मी हळूच म्हणाले, "पंचफुला गेली, प्रेम."

अगदी गंभीर आवाजात तो म्हणाला, "वाईट झालं. मातीला येतो मी."

"परत येतो म्हणतोस?"

आणि मग दोघंही जे हसलो... पोट धरून हसलो. शेवटी करार झाला. दलदलीत ‘येतो’ या शब्दाला बंदी. येत असलास तर ‘पोचतो’ म्हणायचं, जात असलास तर ‘निघतो’. त्यानं फोन नंबर दिला, परत असं गिऱ्हाइक आलं तर कळवायला. त्याच्या नंबरावर फोटोच्या जागी हिरवा मदरबोर्ड होता, माझ्या नंबरावर स्टुडिओची पाटी. काय रूपवान जोडी!

नवी शिकारीण घेतली. तिचं नाव मी ठेवलंच नाही. जीव लावायचा आणि मग ते काळ्या पाण्यात जायचं, हे मला झेपणारं नव्हतं. जीव मात्र दुसरीकडं लागत चालला होता, आणि तो मेला तर नवा कोरा मिळणार नव्हता. हे मला कळत होतं. रोज दुपारी हेडफोन घालताना कळत होतं. तो आवाज नसेल तर ही खुर्ची, हे शटर, ही दुपार, कशालाच चव राहणार नाही. पण बोलून दाखवायचं धाडस माझ्यात नव्हतं.

---

तुळशीची लग्नं लागली आणि माणसांचीही सुरू झाली. पप्पा बहुतेक रोज बाहेर. माझ्यासमोर शूटिंगचा ढीग. तरी दुपारचा थोडा वेळ मी राखून ठेवायचे.

अशाच एका दुपारी तो गेममध्ये आला, पण शिकारीला निघालाच नाही. काठावर नुसता उभा.

"हैदराबादला नोकरी लागली मला," तो म्हणाला. "डेटा सेंटरात. बुधवारी हजर व्हायचंय."

"वा!" मी म्हणाले. वा, अजून काय म्हणणार? "पेढे कुठंयत?"

"तिथं शिफ्ट हाय. मशीनबिशिन काय नसंल. हे दुपारचं... बंद होईल."

"होईल की."

"महामाया... आधी एकदा भेटायचं का?"

मी पडद्याकडं बघत होते. पाण्यात त्याच्या टोपीची सावली हलत होती. खरं म्हणजे मला ओरडून हो म्हणायचं होतं. पण भेटायचं ते निरोपासाठीच ना? आणि मी तोंडाला येईल ते बोलले.

"मला निरोप जमत नाहीत, प्रेम. वर्षभर लोकांच्या पाठवण्या कापते मी. रडकी तोंडं बघून बघून विटलेय. अन् वाट बघायला तर मला अजिबात जमत नाही. ते एकदा करून बघितलं."

तो म्हणाला, "बरं. निघतो."

करार पाळला त्यानं. मला त्याचाही राग आला.

रविवार गेला. सोमवार गेला. मंगळवारी सकाळी फोन वाजला. मेसेज होता, एका शब्दाचा.

‘येतो.’

मी उभीच राहिले. बंदी घातलेला शब्द! आता हा कुठला ‘येतो’? लातूरला येतो की हैदराबादला जातो? फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मेला, नेमका आजच!

काही सुचेना म्हणून कामाला बसले. औशाकडचं एक लग्न होतं, पाठवणीचा भाग. सवयीनं माझा हात आवाज बंद करायला गेला, आणि थांबला. कुणास ठाऊक का, मी हेडफोन घातले आणि डोळे मिटले. कानानं शोधा.

बँड थांबला होता. बांगड्या वाजत होत्या. कुणीतरी नाक ओढत होतं. मग नवरीचा आवाज, अगदी बारीक, "येते पप्पा." आणि बापाचा, फाटलेला, "ये बाळा." मग "येते काकू," "ये गं." "येते," "ये," "येते," "ये..." सगळ्या मांडवातून तेवढाच एक शब्द फिरत होता.

मी हेडफोन काढून ठेवले. इतकी वर्षं मी हाच आवाज कापून वर गाणं टाकत आले होते. घर सोडून चाललेली पोरगी जाते म्हणत नाही. आणि बाप छाती फुटत असतानाही ‘ये’ म्हणतो, कारण ते म्हटलं नाही तर तिनं परत यायचं कुठं? आणि मी त्याला म्हणाले होते, मला निरोप जमत नाहीत. मी त्याला हं सुद्धा म्हणाले नव्हते.

मला तो हवा होता. एवढं साधं होतं ते.

मग काय, इथं बसून वाट बघू? धक्क्यावर वाट बघितली होती, तर पंचफुला गेली. आता गवतात बसायचं नाही. मी चपला घातल्या.

"पप्पा, येते."

"ये," पप्पा लेन्सवरून मान वर न काढता म्हणाले. मग मान वर आली. "पण निघालीस कुठं?"

"उदगीरला. तिथनं पुढं देगलूर."

"शूटिंग हाय का?"

"नाही... पाहुणा बघायला."

पप्पांनी माझ्याकडं नीट बघितलं. या माणसानं आयुष्यभर चेहरेच बघितलेत. "पाणी घेऊन जा," एवढंच ते म्हणाले.

---

लातूरहून देगलूरला जायचं म्हणजे उदगीरला गाडी बदलायची. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात भांडत होते. गेला असेल तर? देगलूरहून हैदराबादची गाडी सरळ तिकडं जाते, त्याला इकडं यायचं कारणच काय? मी तिथं जाऊन कुणाला विचारू, वाघमारे निघाले का? बाजूच्या मावशींनी मला हरभऱ्याचे डहाळे दिले. मी ते भराभर खाल्ले, चव कळली नाही.

उदगीरचं स्टँड गच्च भरलेलं. पोती, पिशव्या, मराठी-कानडी-तेलुगूची खिचडी, भोंग्यावर ओरडणारा कंट्रोलर. देगलूरची गाडी लागायची होती. मी खांबाला टेकून सगळे चेहरे बघत सुटले. हा असेल? तो चष्मेवाला? पण ओळखणार कशी? ज्याला कधी बघितलंच नाही, तो गर्दीत सापडणार कसा? आणि तो इथं असायचं काही कारणही नव्हतं. तरी बघत होते.

डोळ्यांनी शोधू नका, महामाया.

भर स्टँडवर मी डोळे मिटले. एका म्हातारीनं विचारलं, "चक्कर आली का गं?" मी मान हलवली. गाड्यांची घरघर. कुणाचं तरी रडणारं पोर. उसाच्या रसाच्या गाड्यावरचं घुंगरू. आणि मग... उजवीकडं, चौकशीच्या खिडकीपाशी...

"साहेब, लातूर गाडी कुठं लागती हो?"

तोच आवाज. लातूर गाडी!

मी डोळे उघडले. पाठमोरा एक पोरगा, बारीक अंगाचा, पाठीवर भली मोठी सॅक. माझ्या मनातल्या टोपीवाल्यापेक्षा वीतभर बुटका. कान मात्र चांगले मोठे. मी काचेवर पाय न देता चालतात तशी चालत गेले आणि अगदी मागं जाऊन उभी राहिले.

"पळू नको," मी म्हणाले. "मागं हाय मी."

तो थिजला. वळलाच नाही. त्याचे मोठे कान तेवढे लाल झालेले मला दिसले.

"महामाया?" त्यानं खिडकीकडंच बघत विचारलं.

"वळलास तरी चालेल. तीन तोंडं नाहीत मला."

तो वळला. आम्ही एकमेकांकडं बघितलं. इतके दिवस नुसती बडबड, आणि आता बोलती बंद! मग या शहाण्यानं काय करावं? भर स्टँडवर, पाठीवर सॅकचं ओझं घेऊन, तो दोनदा खाली बसला आणि दोनदा उठला. कंट्रोलर खिडकीतून वाकून बघायला लागला.

"येडा हायस का?" मी म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले. या वेळी डोळ्यात काही गेलं नव्हतं.

चहाच्या गाड्यावर उभं राहून मी आधी हिशेब मागितला. "फोन का बंद?"

"तो आईला दिला. तिकडं नवा घेणार हाय. मेसेज टाकला, सिम काढलं अन् निघालो."

"एका शब्दाचा मेसेज! कुठला येतो होता तो?"

प्रेम कपाकडं बघत होता. "दोन्ही," तो म्हणाला. "तिकडं जायचंच हाय. पण जाण्याआधी इकडं यायचं होतं. हैदराबाद तिकडं, अन् मी आलो हिकडं उलटा... दोन्हीला एकच शब्द हाय, तर मी काय करू? बंदी मोडली, मान्य हाय. पण तू भेटत न्हाई म्हणालीस, तर म्हटलं, ‘महामाया’ची पाटी बघून यावं. तू शटर न्हाई उघडलंस तर पाटी बघून माघारी फिरलो असतो." त्यानं एकदाचं वर बघितलं. "मला तू आवडतीस, महामाया. पंचफुला गेली म्हणालीस तवा तुझा आवाज ऐकला, अन् मला दुकानात बसवेना. हे समोर बोलायचं होतं. झालं बोलून."

चहा निवत होता. मला त्याच्या हाताच्या बोटांवर डाग देताना पडलेले बारके चट्टे दिसले. किती दिवस ती चर्र मी ऐकत होते.

"मी देगलूरला निघाले होते," मी म्हणाले.

"कशाला?"

"मशीन दुरुस्त करायला!... कशाला म्हणजे? तुझ्यासाठी, येड्या. तू मला लई आवडतोस. आवाज तर आवडतोच. कान जरा जास्तच मोठे हायत, पण चालवून घेईन."

तो हसला. ते हसू मी आधी शंभरदा ऐकलं होतं, बघितलं मात्र पहिल्यांदाच. गालावर एका बाजूलाच खळी पडत होती. ते मला माइकमधून कधी कळलं नसतं.

हैदराबादची गाडी उदगीरवरूनही जाते. ती लागली. आता लातूरला जायची त्याला गरज नव्हती, आणि बुधवार काही थांबणार नव्हता. गाडीच्या दारात तो रेंगाळला.

"चौदा एप्रिलला, जयंतीला, सुट्टी हाय," तो म्हणाला. "मिरवणुकीला देगलुरात असतोच मी. त्याच्या आधीबी, जमंल तवा..."

"चढ, गाडी सुटतीय."

कंडक्टरनं घंटी मारली. तो पायरीवर चढला, वळला. सॅक दारात अडकली. त्या अडकलेल्या अवस्थेतच त्यानं माझ्याकडं बघितलं.

"महामाया... येतो."

गाडी हलली. माझ्या तोंडात ‘हं’ आला होता. जन्मभराची सवय ती. मी तो गिळला आणि गाडीमागं चार पावलं पळत जाऊन जोरात ओरडले, "ये!"

कंडक्टरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो ताई, गाडी सुटली, आता कुठं ये म्हणता? त्याला उतरवायचंय का?"

"नाही, नाही," मी म्हणाले. "जाऊ द्या त्याला."

आणि परत एकदा, गाडी वळणाआड जाईपर्यंत, मी म्हणत राहिले – ये... ये.